सात नंबरची पाटी

सोक नदीच्या वरच्या धक्क्यावर, चहाच्या टपरीच्या भिंतीला एक फळी ठोकलेली आहे. फळीवर एकवीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याला सागाची एक छोटी पाटी, तिच्यावर आकडा. ज्याची पाटी खिळ्यावर, त्याचा तराफा पाण्यात. ज्याची उतरली, त्याने घरी बसून कोंबड्यांना दाणे टाकावेत. पाहुण्यांचा, म्हणजे पर्यटकांचा, हंगाम सुरू व्हायला आठवडा उरला होता, आणि त्या सकाळी सात नंबरचा खिळा रिकामा होता.

लमाईने तो खिळा पाहिला. पाटी कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. ती प्रायोंगकाकांच्या शर्टाच्या खिशात होती. आज तराफा खालच्या धक्क्याला नीट लागला तर ती लमाईच्या हातात येणार होती, नाही तर यादीतल्या पुढच्या घराला जाणार होती.

सात नंबर सुथिनचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. चौदा हंगाम त्याने पाहुण्यांना या नदीवरून नेलं आणि एकाचाही कॅमेरा भिजू दिला नाही. मागच्या पावसाळ्यात तो ड्युरियनच्या झाडावरून पडला. कमरेचं हाड सांधलं खरं, पण आता तो कुबडी घेऊन टपरीपर्यंत येतो तेच खूप. डुलत्या बांबूंवर उभं राहणं संपलं. आणि नियम तर दगडावरची रेघ: हंगामाआधी त्याच घरातल्या कुणी काठी धरली नाही, तर पाटी जाते. सुथिनच्या घरात माणसं दोनच.

"मग मी धरते काठी," महिन्यापूर्वीच्या बैठकीत लमाई म्हणाली होती.

तराफेवाल्यांत आधी कुणी हसलंच नाही, कारण तिला काय म्हणायचंय तेच कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. मग सगळे एकदम हसले. हसले नाहीत ते फक्त प्रायोंगकाका. पन्नास वर्षं नदीवर काढलेला माणूस. या खोऱ्यात तराफ्यावरून पाहुणे न्यायची पद्धत पाडली तीच मुळी त्यांनी.

"तराफ्याच्या तोंडाशी आधीच एक बाई बसलेली असते," काका म्हणाले. ते नावेच्या देवीबद्दल बोलत होते. पुढच्या टोकाला रंगीत फडकी बांधून, हार घालून आपण जिला बसवतो ना, ती. "एका तराफ्यावर दोन बायका म्हणजे रोजचं भांडण."

"काका, माझ्या घरात सासू होती, मी होते आणि चूल एकच होती," लमाई म्हणाली. "बारा वर्षांत एक मडकं फुटलं नाही. देवीशी घेईन मी जमवून."

आता हसू वेगळं होतं. काकांनी ते थांबू दिलं.

"जिभेने तराफा चालत नाही, पोरी."

"मग परीक्षा घ्या. घोडामैदान जवळच आहे."

तिला नदी येत नव्हती असं नाही. अकरा वर्षं ती मधल्या वाळूवर बसून पाहुण्यांसाठी बांबूच्या नळीत चहा उकळत आली होती आणि रोज तराफ्यावरूनच जात होती. पावसाळ्यात रबराच्या वळकट्या घेऊन एकटीनेच तराफा खाली नेत होती. हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण रबर उठून उभं राहत नाही, माणूस राहतो. सामान नेणं वेगळं आणि माणसं नेणं वेगळं, हे काकांचं म्हणणं मात्र तिला मनातून पटलेलं होतं. म्हणूनच तर तिला झोप लागली नव्हती.

आमच्या नदीवरची परीक्षा म्हणजे काय, हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. दोन जुने तराफेवाले पाहुण्यांचं सोंग घेतात, नवरा-बायकोचं. विड्याचं तबक मांडीवर घेऊन बसतात आणि खऱ्या पाहुण्यांनी पन्नास वर्षांत केले असतील नसतील तेवढे सगळे प्रताप दोन तासांत करून दाखवतात. नवऱ्याचं सोंग कायम प्रायोंगकाकांचं. गेल्या चार वर्षांत त्यांनी तीन दणकट तरुणांना घरी पाठवलं होतं.

आज काका आले ते रुंद काठाची नवी कोरी गवती टोपी घालून. टोपीची दोरी हनुवटीखाली बांधलेली. डोळ्यांवर काळा चष्मा, नाकावर पांढरं मलम फासलेलं, गळ्यात फिल्म नसलेला जुना कॅमेरा. त्यांच्यामागून खियाव आला, सगळ्या धक्क्यावरचा सर्वांत जाड माणूस, फुलाफुलांची छत्री उघडून, कमरेत लचकत. तो मॅडम.

"खियावदादा, छान दिसताय हो," लमाई म्हणाली.

"मॅडम म्हणायचं," खियाव म्हणाला.

काकांनी चष्मा जरा खाली ओढून तिच्याकडे पाहिलं. "ऐकून घे. या धक्क्यापासून खालच्या धक्क्यापर्यंत मी कुणाचा काका नाही. मी पाहुणा. प्रायोंग घरी झोपलाय असं समज. काका म्हणालीस, की परीक्षा संपली. तबकातलं पान भिजलं, की संपली. पाहुण्याचा अपमान केलास, तर तिथेच काठी खाली ठेवायची आणि चालत घरी यायचं. कबूल?"

"कबूल."

काकांनी चष्मा वर सरकवला आणि तोंड वाकडं करून ओरडले, "हॅलो! नदी कुठे आहे?"

सुथिन टपरीच्या बाकावर बसला होता. त्याला खालच्या धक्क्यावर न्यायला गाडी येणार होती. लमाई काठी घ्यायला त्याच्यापाशी गेली, तेव्हा त्याने ती तिच्या हातात देता देता घट्ट धरून ठेवली.

"रात्री वर पाऊस झालाय," तो म्हणाला. "पाणी वीतभर जास्त आहे. नको वाटत असेल तर आत्ता सांग. मी कुणाला काही बोलू देणार नाही."

"तू काठी सोड आधी," ती म्हणाली.

त्याने काठी सोडली. लमाईने तराफ्याच्या तोंडाशी हात जोडले, देवीची फडकी सारखी केली, मनात म्हणाली, बाई गं, सांभाळून घे, आणि मागच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पाहुणे तिच्या पुढ्यातच, बुटक्या बांबूच्या बाकावर. तबक खियावच्या मांडीवर.

धक्का दिसेनासा व्हायच्या आधीच खेळ सुरू झाला. पाहुण्याने बूट काढले आणि ते देवीच्या हारावर लटकवायला तो पुढे सरकला.

"पाहुणे, तिथे आमची आई बसते," लमाई हसून म्हणाली. "बूट माझ्याकडे द्या, मी जपून ठेवते."

"आई? मला दिसत नाही आई."

"आम्हालाही दिसत नाही. पण तिला आपण दिसतो."

खियाव खुदकन हसला आणि मग मॅडम असल्याचं आठवून छत्रीमागे लपला. बूट मागे आले. एक गेलं, लमाईने मनाशी मोजलं.

मग मॅडमला पाण्यात पाय सोडायचे होते, मग मॅडमला पाण्याची भीती वाटली. पाहुण्याला काठी स्वतः चालवून पाहायची होती. लमाईने त्याच्या हातात एक तुटका वेळू दिला आणि तो पाण्यात हलवायला सांगितलं. पाहुणा अर्धा मैल मोठ्या अभिमानाने हलवत बसला. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा साप वेटोळं करून पडला होता, रोजच्या जागी.

"साप! काठीने उठव त्याला! मला फोटो पाहिजे!"

"झोपू द्या त्याला, पाहुणे. रात्रपाळी करून आलाय."

"मी लांबून आला. मी पाहुणा. उठव!"

"तुम्हाला तुमच्या घरी कुणी असं काठीने उठवतं का?"

पाहुण्याने कॅमेरा खाली केला. खरं म्हणजे प्रायोंगकाकांना त्यांची बायको रोज सकाळी झाडूच्या दांड्यानेच उठवते हे अख्ख्या धक्क्याला माहीत आहे. खियावची छत्री गदगदा हलत होती. लमाईच्या अंगात आता जरा बळ आलं. जमतंय, तिला वाटलं, जमतंय मला. पाण्याची ओढ पायाखाली कळत होती, काठी नेमकी हवी तिथे टेकत होती, आणि दोन्ही तीरांचे चुनखडीचे कडे सकाळच्या उन्हात नेहमीसारखेच उभे होते. तिला फार आनंद झाला. इतका, की तिला स्वतःचीच जरा भीती वाटली.

वाळूवर चहा झाला. मॅडमला झाडामागे जायचं होतं, जाऊन आली. पाहुण्याने चहात बर्फ मागितला. लमाईने त्यालाही गोड उत्तर दिलं. तबक कोरडं होतं. आता शेवटचं अरुंद वळण, मग सरळ पात्र आणि खालचा धक्का.

हे वळण साधं नाही. डाव्या अंगाला कडा, उजव्या अंगाला वेळूचं रान आणि मधून पाणी असं जोरात घुसतं की तिथे तराफा थांबवणं कुणाच्याही हातात नसतं. फक्त नेमक्या जागी काठी टेकून तोंड कड्यापासून दूर ठेवायचं. त्यासाठी दोन्ही हात काठीवर हवेत. आणि प्रायोंगकाका परीक्षेत त्यांचा शेवटचा प्रताप कायम इथेच करतात.

ते उठून उभे राहिले. वळून, पुढे पाठ करून, लमाईकडे तोंड करून त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"तुझा फोटो! हस!"

"पाहुणे, बसून काढा, जास्त चांगला येईल," लमाई म्हणाली. हे उत्तर तिने महिनाभर घोकलेलं होतं.

आणि तेवढ्यात तराफा वळला आणि तिला समोरचं दिसलं.

रात्रीच्या पावसाने उजव्या तीरावरचं वेळूचं अख्खं बेट उन्मळून पाण्यावर आडवं झालं होतं. काल नव्हतं. दहा-पंधरा वेळू नदीवर झुकलेले, आणि त्यांची तुटलेली टोकं भाल्यांसारखी वरच्या अंगाकडे, त्यांच्याचकडे रोखलेली. कड्याच्या बाजूला पाण्यापासून कमरेइतक्या उंचीची फट होती. बसलेला माणूस त्यातून गेला असता. उभा नाही.

"पाहुणे, बसा!"

"हस! चीज म्हण!"

"बसा! खरंच बसा!"

"मी पैसे दिला! मी उभा राहतो!" काका खुशीत आले होते. बाईचा तोल सुटला, आता ही ओरडणार, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. छत्रीखालून खियावने पुढे पाहिलं आणि मॅडमचा आवाज विसरून स्वतःच्या आवाजात तो किंचाळला, "आई गं!" छत्री टाकून, तबक पोटाखाली घेऊन तो बांबूंवर पालथा पडला. पण किंचाळायचं तर मॅडमचं कामच होतं. काका हललेसुद्धा नाहीत.

एक शब्द बाकी होता. 'काका' म्हटलं असतं तर परीक्षा तिथेच संपली असती, आणि काका तसेच उभे राहून आधी 'नापास' म्हणाले असते. तेवढा वेळ नव्हता. काठी सोडली तर तराफा कड्यावर आपटणार, तिघंही पाण्यात, वरून वेळूंची टोकं. हात रिकामे नव्हते. रिकामा होता तो फक्त पाय.

लमाईने काकांच्या गुडघ्यावर लाथ मारली. ते धपकन बाकावर बसले, टोपी मागे घसरून दोरीने पाठीवर लोंबकळली. "तू मला..." म्हणत ते परत उठायला लागले, आता स्वतःच्या आवाजात. लमाई काठी घट्ट रुतवून मागे खाली बसली, उजवा पाय लांब केला आणि तो प्रायोंगकाकांच्या उघड्या डोक्यावर ठेवून सगळा जोर लावला. त्यांचं डोकं त्यांच्याच गुडघ्यांमध्ये गेलं.

वरून वेळू करकरत गेले. काहीतरी टचकन तुटलं. एक टोक लमाईचे केस ओरबाडत गेलं. मग ऊन आलं, आणि सरळ पात्र लागलं.

तिने पाय काढला.

आमच्याकडे लहान मुलाच्याही डोक्याला विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. म्हाताऱ्या माणसासमोर पाय लांब करून बसत नाहीत. आणि तिने पाय ठेवला होता, अनवाणी, चिखलाचा, नदीवरच्या सर्वांत वडील माणसाच्या उघड्या डोक्यावर. असं कुणी केल्याचं तिने ऐकलंसुद्धा नव्हतं. संपलं, तिला वाटलं. सुथिनची चौदा वर्षं माझ्या एका पायाने बुडवली. पण लगेच दुसरा विचार आला, आणि तो आला तो गेला नाही: परत तीच वेळ आली तर परत तेच करीन. तिने काठी टेकली आणि राहिलेलं पात्र जसं न्यायचं तसं नेलं. घाई केली नाही, एक काठी चुकवली नाही.

काका पाठ करून बसले होते. चष्मा डोळ्यांवरच होता. मानेवर, जिथे टोपीची दोरी होती, तिथे लाल वळ उठला होता, आणि टोपी नव्हती.

खालच्या धक्क्यावर सगळे जमले होते. सुथिन कुबडीवर, पाण्याच्या अगदी काठाशी. तराफा लागला. तबक पाहायला दोघंतिघं पुढे धावले. पानं कोरडी, सुपारी कोरडी, फुलं जरा खियावच्या पोटाखाली चेंगरलेली, पण कोरडी. कुणीतरी टाळी वाजवली.

"वाजवू नका," खियाव म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक होता आणि त्याच्या तोंडात काही राहत नाही. "हिने... हिने यांच्या डोक्यावर पाय ठेवला."

सुथिनने डोळे मिटले.

"डोक्यावर?" नऊ नंबरवाला म्हणाला. "आणि अजून हातात काठी आहे हिच्या? ठेव ती खाली! म्हणे परीक्षा!"

"नियम काय होता?" लमाईने विचारलं. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला. "वरच्या धक्क्यापासून खालच्या धक्क्यापर्यंत प्रायोंगकाका घरी झोपलेत. तराफ्यावर पाहुणा होता. पाय ठेवला तो पाहुण्याच्या डोक्यावर. उद्या खरा पाहुणा तिथे उभा राहिला, तरी ठेवीन. मेलेल्या पाहुण्याचा मान राखून मी काय करू?"

"लाज नाही वाटत? अपमान केला तो केला, वर..."

"अपमान झाला की नाही, ते तू कोण सांगणारा? पाहुण्याला विचार. तो अजून इथेच बसलाय."

सगळ्यांनी तराफ्याकडे पाहिलं. प्रायोंगकाका बाकावरच होते, गळ्यात कॅमेरा, नाकावर पांढरं मलम, केसांत तिच्या पायाचा चिखल. चष्म्याआडचे डोळे काही दिसत नव्हते. ते हळूहळू उठले, एका हाताने मानेवरचा वळ चाचपला आणि वरच्या वळणाकडे पाहिलं. इथून तिथलं काही दिसत नाही, तरी पाहिलं.

मग तोंड वाकडं झालं.

"नदी चांगला," पाहुणा म्हणाला. "चहा चांगला. साप झोपला. बाई..." खिशातून सागाची पाटी काढली, दोन्ही हातांनी धरून लमाईपुढे केली. "बाई फार चांगला. मी माझ्या सगळ्या मित्राला सांगतो, सात नंबर, सात नंबर."

लमाईने पाटी घेतली. तिला रडू फुटलं आणि ते तिने लपवलं नाही. सुथिन कुबडी टाकून पाण्यातच उतरला होता. त्याला दोघांनी धरलं.

पाहुणा तराफ्यावरून उतरला. दोन पावलं चालला. मग त्याने चष्मा काढला, नाकावरचं मलम बाहीने पुसलं आणि धक्क्याच्या पायरीवर प्रायोंगकाका बसले.

"आता मी आलो," ते आपल्या आवाजात म्हणाले. "माझ्या डोक्याला कुणाचा तरी पाय लागला असं कानावर आलंय."

लमाई काठी सोडून धावली. तबकातली चेंगरलेली फुलं तिने ओंजळीत घेतली, काकांसमोर गुडघे टेकले आणि कपाळ पायरीच्या दगडाला लावलं.

"चुकले, काका. माफ करा मला."

काकांनी तिच्या ओंजळीतली फुलं घेतली. ती कुठे ठेवावीत हे कळेना, म्हणून शर्टाच्या खिशात ठेवली, जिथे सकाळपासून पाटी होती. मग त्यांनी आपला जुना, गाठाळ हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"माफ केलं," ते म्हणाले. "पण पुढच्या वेळी जरा लवकर ठेव. टोपी नवी होती."